बोल्टावरचं कुंकू

अण्णा गेल्यानंतर अडीच महिन्यांनी मॅडमची गाडी आमच्या शेडमध्ये परत आली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. परभणीत जिंतूर रोडला आमचं पत्र्याचं शेड आहे. उजव्या बाजूला तो इंजिन आणि गिअरबॉक्स उघडायचा, डाव्या बाजूला मी गाड्यांचं वायरिंग बघायचो. तीस वर्षांत ही वाटणी आम्ही कधी बोलून ठरवली नव्हती. तो मला 'विजेवाला' म्हणायचा आणि माझे हात काळे होत नाहीत म्हणून गिऱ्हाइकांसमोर माझी टर उडवायचा. "आमच्या धाकट्याला एक साबण वर्षभर पुरतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आता उजवी बाजू रिकामी होती. त्याचे पाने, त्याचं स्टूल, खिळ्याला टांगलेला त्याचा शर्ट, काहीच मी हलवलं नव्हतं. त्यात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. हलवायचं सुचलंच नव्हतं.

खरं तर त्या दिवसांत मला काहीच सुचत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. दहाव्याला रडू आलं नाही, तेराव्यालाही नाही. पाहुणे एकमेकांना सांगायचे की याला धक्का बसलाय, आणि मीही मान हलवायचो. सकाळी शेड उघडायचो, कुणाचा हॉर्न, कुणाचे हेडलाइट करून द्यायचो, डबा खायचो. डब्यात काय होतं ते संध्याकाळी आठवायचं नाही.

मॅडम बोरीला राहतात आणि तिथून पुढच्या एका खेड्यात शाळेवर आहेत. लहानपणापासून त्यांचा डावा पाय अधू आहे. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. आमच्याकडं तिला बिनगिअरची गाडी म्हणतात. गिअर तिच्यातही असतातच, फक्त आपल्याला टाकावे लागत नाहीत, एवढ्यावरून ती बिनगिअरची. ती येण्याआधी मॅडम कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून शाळेत जायच्या, आणि कुणालाच वेळ नसला की रजा टाकायच्या. एकदा त्या अण्णाला म्हणाल्या होत्या, "या गाडीमुळं माझं रोज सकाळी दादा-बाबा करणं सुटलं बघा."

त्या दिवशी त्यांनी गाडी शेडसमोर उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"बंद केली की परत चालू होईल का न्हाई याचा भरवसा न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या.

बोरीहून इथपर्यंत त्या एकाच गिअरात आल्या होत्या. गाडी तिसऱ्याच्या वर जात नव्हती आणि खालीही येत नव्हती. डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर दिसतं त्या जागी नुसती एक आडवी रेघ होती. मी बॉनेटजवळ उभा राहिलो. त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं, ते दिसत होतं.

"आधी मी बायपासच्या गॅरेजला दाखवली," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी असं झालेलं, म्हणून इकडं यायला जीव धजला न्हाई. त्यानं डबी लावून बघितली. गिअरबॉक्स गेला म्हणला. आख्खा बदला न्हाईतर विकून टाका. तोच घेतो म्हणायलाय." मग खाली बघत म्हणाल्या, "अन् म्हणला, शेवटचं ऑइल ज्यानं बदललं त्यानंच गिअरबॉक्स घालवलाय. साधं ऑइल टाकलंय म्हणला. भाऊ, अण्णांनी कोणतं ऑइल टाकलं होतं?"

मॅडमच्या गाडीचं ऑइल बदलणं हे अण्णाचं शेवटचं काम होतं. त्याच दुपारी तो गेला.

बायपासवाल्याचं बोलणं माझ्या कानावर आधीच आलं होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं दोन दिवसांपूर्वी कप पुढं करत विचारलं होतं, "अण्णानं जाता जाता मॅडमची गाडी घालवली म्हनं?" मी चहा पिऊन परत आलो होतो. राग यायला हवा होता, एरवी मी एवढ्यातेवढ्यावरून तापतो. आला नाही. पण एवढं मात्र समजलं की तीस वर्षं या रोडवर हात काळे करणाऱ्या माणसाबद्दल आता लोक हे एकच वाक्य लक्षात ठेवणार. आणि मॅडम गाडी विकणार, परत कुणाच्या तरी मागं बसून शाळेत जाणार, आणि दर वेळी त्यांना ते वाक्य आठवणार.

"तपासून सांगतो," मी म्हणालो.

डबी म्हणजे स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडला की कुठं काय बिनसलंय त्याचा कोड तो दाखवतो. अण्णाचा त्याच्यावर मुळीच विश्वास नव्हता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून तो ऐकायचा. मी स्कॅनर आणला तेव्हा म्हणाला होता, "एखादा डॉक्टरकडं जाऊन पोट दुखतंय म्हणला, तर डॉक्टर लगेच पोट कापतो का? कोड म्हंजे गाडीची तक्रार. तक्रार तिनं करायची, निदान आपण करायचं." मला ते पटायचं, पण त्याच्यासमोर मी कधी कबूल केलं नाही.

कोड आला पी शून्य सात शून्य पाच.

सातची मालिका गिअरबॉक्सची. बायपासवाल्यानं सात बघितला आणि पुढचे आकडे वाचायचे कष्ट घेतले नाहीत. शून्य पाच म्हणजे गिअरचा दांडा कोणत्या जागेवर आहे ते कॉम्प्युटरला कळत नाही. गिअरबॉक्सच्या अंगावर बाहेरून एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. दांडा पार्किंगला आहे, रिव्हर्सला आहे, न्यूट्रलला की ड्राइव्हला, एवढीच बातमी तो देतो. बातमी येईनाशी झाली की कॉम्प्युटर मोडतोड होऊ नये म्हणून एकच गिअर धरून बसतो. हे सगळं ऑइलमुळं होत नाही. निदान बहुतेक वेळा तरी नाही.

नियमानं मी आधी वायर तपासायला हवी होती. पण मला आधी ऑइल बघायचं होतं.

साध्या गाडीचं गिअर-ऑइल इंजिन बंद करून बघतात. हिचं इंजिन चालू असताना, गरम असताना बघायचं, आणि त्याआधी दांडा सगळ्या जागांवरून फिरवून आणायचा. हे मला अण्णानंच सांगितलं होतं. मॅडमना मी ब्रेक दाबून दांडा फिरवायला सांगितला. मग ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली आणि पांढऱ्या फडक्यावर टेकवली. फडकं अण्णाच्या जुन्या बनियनचं होतं. डाग लाल पडला, स्वच्छ लाल. जळका वास नाही. पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये.

"हे बघा," मी मॅडमना म्हणालो. "साधं ऑइल असतं तर पिवळट निघालं असतं. तुमच्या गाडीला लागतं तेच आहे हे."

त्यांनी फडकं हातात घेऊन बघितलं आणि मान हलवली. पण गाडी अजून तशीच होती, त्यामुळं त्या मान हलवण्याला फार अर्थ नव्हता.

गाडी शेडातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायला लावली आणि मी आत उतरून खालून बघितलं. गिअरबॉक्सच्या तळाला ऑइल काढायचा बोल्ट असतो. त्याच्या माथ्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक लाल ठिपका होता. कुंकू.

अण्णाची ही पद्धत होती. बोल्ट पूर्ण आवळून झाला की तो त्याच्यावर कुंकवाचा ठिपका द्यायचा, अर्धा बोल्टावर आणि अर्धा बाहेर. ठिपका जागेवर आहे म्हणजे बोल्ट हलला नाही. कुंकू धुऊन जाऊ नये म्हणून एका पत्र्याच्या डबीच्या झाकणात ते वार्निशमध्ये कालवून ठेवायचा. लोकांना वाटायचं, माणूस मोठा देवभोळा आहे. काही जण गाडी घेऊन जाताना त्या ठिपक्याला हात लावून छातीला लावायचे. एकानं विचारलं होतं, हे कोणत्या देवाचं? अण्णा म्हणाला, "चौदा नंबर पान्याचं." कुंकू वहिनींच्या डबीतलं असायचं. वहिनी म्हणजे त्याची बायको. दर महिन्याला तो चिमूट-चिमूट उचलून आणायचा आणि त्या कुरकुरायच्या, "माझ्या कपाळापेक्षा ह्यांच्या नटांनाच जास्त लागतं."

त्या ठिपक्याकडं मी बराच वेळ बघत राहिलो. काही वाटलं नाही. मान अवघडली तेव्हा वर आलो.

स्कॅनरवर दांड्याची जागा चालू इंजिनात बघता येते. मॅडमनी दांडा ड्राइव्हला ठेवला आणि मी गिअरबॉक्सकडं जाणारी वायर हलवली. स्क्रीनवर डी आला, गेला, परत आला. वायरच्या त्या टोकाला घोटाळा होता. तिथपर्यंत हात घालायचा तर वर बसवलेला एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. डब्याला तीन बोल्ट असतात. मी पाना घेऊन वाकलो आणि थांबलो.

त्या तिन्ही बोल्टांवर कुंकू नव्हतं.

अण्णा गेला त्या दिवशी मी तिथंच होतो. हे मी तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. हा डबा आणि त्याखालची सेन्सरची पिन काढून अण्णानं नवं ऑइल भरलं, वरचं झाकण आवळलं, ठिपका दिला, आणि मग टायरवर बसून छाती चोळायला लागला. "पित्त झालंय बघ," म्हणाला, "लय जळजळ व्हायलीय." घाम आला होता. पण आमच्या पत्र्याखाली उन्हाळ्याच्या शेवटाला कुणाला घाम येत नाही? मी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून लिंबू-सोडा आणला. त्यानं एका दमात पिऊन मोठा ढेकर दिला आणि हसला. "निघाला बघ गॅस. तेवढी सेन्सरची पिन जोडून डबा बसव. मी घरी जाऊन पडतो जरा." स्कूटरला त्यानं स्वतः किक मारली. मी पिन जोडली, डबा बसवला, हात धुतले आणि जेवणाचा डबा उघडून बसलो. मॅडम येऊन गाडी घेऊन गेल्या. चारनंतर घरून फोन आला.

दुसऱ्यांच्या गाड्यांच्या तक्रारी ऐकून निदान करण्यात माझं आयुष्य गेलं. अण्णानं तक्रारही स्वतः केली, निदानही स्वतःच केलं, आणि मी सोडा आणून दिला. पित्त म्हणाला, मी पित्त ऐकलं. अडीच महिने हे वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं आणि मी ते पुरं होऊ देत नव्हतो.

इंजिन बंद करायला लावलं, बोल्ट काढले, डबा बाजूला ठेवला. सेन्सरची पिन सॉकेटमध्ये अर्धीच बसलेली होती. तिला एक प्लास्टिकचं कुलूप असतं. पूर्ण बसली की 'टक' असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही, हे मी इतरांना शिकवत आलोय. त्या दिवशी मी तो ऐकला नव्हता. मला भूक लागली होती, म्हणून घाई होती. कारण एवढंच. काही दिवस ती पिन तशीच तग धरून राहिली. मग बोरीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी थोडी थोडी बाहेर आली, आत ओल गेली आणि तारांच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला.

अण्णाचं काम जिथं संपलं तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. कुंकू संपलं तिथून पुढं माझं होतं.

मी टोकं साफ केली, वाळवली आणि पिन दाबली. टक. कुलूप ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. डबा बसवून बोल्ट आवळले, कोड पुसला आणि इंजिन चालू केलं. पी, आर, एन, डी, एकेक अक्षर आलं आणि आलं तसं राहिलं. वायर हलवली तरी राहिलं.

"चला, फिरवून आणू," मी मॅडमना म्हणालो, आणि त्यांच्या शेजारी बसलो.

जिंतूर रोडनं आम्ही पेट्रोल पंपापर्यंत गेलो. पहिला पडला, दुसरा पडला, तिसरा, आणि मग इंजिनाचा आवाज खाली येऊन चौथा. मॅडम हसल्या. स्टिअरिंगवर थाप मारून त्या स्वतःशीच काहीतरी म्हणाल्या. आम्ही परत आलो. शेडसमोर गाडी थांबल्यावर सांगितलं.

"मॅडम, यात अण्णाची चूक नव्हती. ऑइल बरोबर होतं. त्या दिवशी हे कनेक्शन मी जोडलं होतं, अर्धवट. चूक माझी आहे."

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. "भाऊ, घरात एवढं मोठं झालं होतं..."

"तेव्हा काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "तेव्हा अण्णा जिवंत होता. मी नीट बघितलं नाही, एवढंच. बायपासवाल्याला तुम्ही असंच सांगा."

"सांगते," त्या म्हणाल्या. "अन् गाडी तुमच्याकडंच आणणार."

त्या जाण्याआधी मी बॉनेट परत उघडायला लावलं. अण्णाच्या बाजूला जाऊन त्याची पत्र्याची डबी घेतली. झाकणातलं कुंकू वाळून कडक झालं होतं, ते थोड्या वार्निशमध्ये भिजवलं. डबा परत काढून एक ठिपका पिनेच्या कुलपावर दिला आणि डबा बसवून तिन्ही बोल्टांवर तीन. इतक्या वर्षांत मी ते काम कधी केलं नव्हतं. ठिपके वेडेवाकडे आले आणि बोट लाल झालं. मग चहावाल्याकडं जाऊन चार लोकांत मोठ्यानं सांगितलं की मॅडमची गाडी अण्णानं नव्हे, मी बिघडवली होती. त्यानं ओशाळून चहाचे पैसे नको म्हटलं. मी ठेवले आणि निघालो. माझं गिऱ्हाईक यानं तुटलं तर तुटो, असं वाटलं. मुख्य म्हणजे काहीतरी वाटलं.

दिवस मावळायला अजून वेळ होता. आमची घरं शेजारी-शेजारी आहेत. वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांच्यासमोर दोन मिनिटांच्या वर बसलो नव्हतो. पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, पिनेचं आधी आणि मग सोड्याचं. अण्णा छाती चोळत होता हे सांगितलं. घामाचं सांगितलं. दवाखाना पाच मिनिटांवर होता आणि तो पित्त म्हणाला म्हणून मी पित्त धरून चाललो, हेही सांगितलं. त्या पानं खुडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आल्या आल्याच म्हणले ते. धाकट्यानं सोडा पाजला, आता बरं वाटायलंय. छातीवर हात ठेवूनच म्हणले." त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "मीच म्हणले, ढेकर आला ना, मग पडा जरा. पंखा लावून दिला. झोपमोड होऊ न्हाई म्हणून दार लोटून घेतलं. चार वाजेपर्यंत म्या ते उघडलंच न्हाई, भाऊजी."

मला रडू आलं. अडीच महिन्यांचं एकदम आलं, आणि मी ते आवरलं नाही. वहिनी उठल्या नाहीत, समजूतही घातली नाही. मेथीची जुडी मांडीवर धरून तशाच बसून राहिल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. बऱ्याच वेळानं त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

"बोटाला काय लागलं?"

"कुंकू," मी म्हणालो. "अण्णाच्या डबीतलं. तुमचं आहे ते. डबी आणून देऊ का?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. कपाळ मोकळंच होतं.

"नगं. शेडातच राहू द्या, बोल्टांना लागतं," त्या म्हणाल्या. "संपलं की सांगा. माझी डबी भरलेलीच हाय."